मामूंची बदललेली दवा

२०१७ चा पावसाळा संपत आला होता. औरंगाबादच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात माझे दोन मामेभाऊ हळू आवाजात भांडत होते. भांडणाचं कारण होतं अंगठ्याएवढी एक काचेची बाटली. मामूंना पहिले दोन केमो एका खासगी दवाखान्यात झाले होते. तिथे परदेशी कंपनीचं डोसेटॅक्सेल मिळालं होतं. तिसरा केमो या दुसऱ्या रुग्णालयात, महात्मा फुले योजनेतून होणार होता, आणि इथे सिस्टरने आणलेल्या खोक्यावर एका भारतीय कंपनीचं नाव होतं. धाकटा म्हणत होता, दवा तीच आहे. थोरल्याचं म्हणणं एवढंच की तीच असती तर इतकी सस्ती कशी?

आमचे मामू अंबड तालुक्यातले शेतकरी. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या हजारो मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात त्यांचीही गेली. त्यानंतर कापूस आणि तूर यावर घर चाललं. लघवीचा त्रास म्हणून सुरू झालेलं दुखणं प्रोस्टेटचा कर्करोग निघालं, तोही हाडांत उतरलेला. हार्मोनची इंजेक्शनं काही महिने चालली, मग रक्तातला पीएसए पुन्हा चढू लागला. पहिल्या दोन केमोंचं बिल भरल्यावर दोन एकर विकायचं ठरलं. गिऱ्हाईकही मिळालं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, केशरी रेशनकार्ड आहे ना, मग योजनेत बसवा. म्हणून रुग्णालय बदललं आणि रुग्णालयाबरोबर दवाही.

मुमानी बाकावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "बेटा, फरक पडेगा क्या?" घरात शिकलेला मीच. मी "नाही" म्हणालो, पण ते मला माहीत होतं म्हणून नव्हे, त्या क्षणी दुसरं काही बोलता येत नव्हतं म्हणून. नंतर वाचत गेलो. जे कळलं ते इथे लिहितो, कारण हाच प्रश्न आज जालन्यात कितीतरी घरांत विचारला जात असेल.

गोष्ट एका झाडाच्या सालीपासून सुरू होते आणि तिच्यात आपल्या नंदुरबारचा माणूस आहे. मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. १९६२ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल गोळा करण्यात आली. कर्करोगावर काही मिळतं का, म्हणून त्या काळी तिथे हजारो वनस्पती तपासल्या जात होत्या. त्या सालीतला नेमका गुणकारी पदार्थ मनरो वॉल आणि वाणी यांनी वेगळा काढला आणि १९७१ मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. तो टॅक्सॉल, म्हणजे आजचं पॅक्लिटॅक्सेल. २०२० मध्ये वाणी वारले. आपल्याकडे किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय, हे एकदा विचारून बघावं.

अडचण अशी होती की साल काढली की झाड मरतं, आणि एका झाडाच्या सालीतून मिळणारं औषध चिमूटभर. हिमालयातलं यू तर या हव्यासापायी धोक्यात आलं. वाट काढली फ्रान्सच्या पिएर पोतिए यांनी. युरोपातल्या यूच्या पानांत त्याच कुळातला एक पदार्थ असतो. पानं तोडली तरी झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. त्या पदार्थावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून त्यांच्या गटाने १९८० च्या दशकात डोसेटॅक्सेल बनवलं. मामूंच्या सलाईनमध्ये गेलं ते हेच.

प्रोस्टेटच्या कर्करोगाला केमो फारसा लागू पडत नाही, असं डॉक्टर अनेक वर्षं मानत. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं होतं की हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो. हार्मोन तोडला की तो मागे हटतो. १९६६ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पण हार्मोनचा इलाज थकला की पुढे काय, याला उत्तर नव्हतं. मायटोझँट्रोन नावाचं एक औषध होतं, त्याने वेदना कमी होत, आयुष्य वाढत नसे. २००४ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले. तीन आठवड्यांनी एकदा डोसेटॅक्सेल घेणारे रुग्ण मध्यमानाने १८.९ महिने जगले, मायटोझँट्रोनवाले १६.५ महिने. फरक अडीच महिन्यांचा. हा आकडा लहान वाटेल, पण त्याआधी या टप्प्यावर आयुष्य वाढवणारा केमो नव्हता. आणि याच आकड्यापुढे दोन एकर जमीन ठेवून बघायची असते. हे घरात मोठ्याने बोलता येत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतं.

आता थोरल्याच्या प्रश्नाकडे येतो: सस्ती कशी?

औषध महाग असतं ते बहुतेक वेळा बनवायच्या खर्चामुळे नव्हे, पेटंटमुळे. इंग्रजांनी १९११ चा पेटंट कायदा आपल्याला दिला. त्यात औषधाच्या रेणूवरच कंपनीची मालकी चाले. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये जो अहवाल दिला, तो डोळे उघडणारा होता. भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटं परदेशी लोकांच्या नावावर होती आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक वस्तू भारतात बनतच नव्हत्या. म्हणजे पेटंट घ्यायचं ते बनवण्यासाठी नाही, इतरांनी बनवू नये म्हणून. गरीब देश असूनही औषधांच्या किमती इथे जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडत.

या लढाईत मुंबईचं एक मुस्लिम घराणं पहिल्या ओळीत होतं. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या समाजात इतिहास म्हटलं की किल्ले, बादशहा आणि निजाम एवढ्यावरच गाडी थांबते.

ख्वाजा अब्दुल हमीद १८९८ साली अलीगढला जन्मले. असहकाराच्या चळवळीत उतरले, जामिया मिल्लिया उभी राहत असताना तिथे होते, झाकीर हुसेन यांचे दोस्त. मग रसायनशास्त्र शिकायला बर्लिनला गेले आणि डॉक्टरेट घेतली. तिथे त्यांची भेट लुबा या लिथुआनियाच्या ज्यू तरुणीशी झाली. दोघांनी लग्न केलं. १९३५ मध्ये हमीद यांनी मुंबईत केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. हे लांबलचक नाव पुढे आखडून सिप्ला झालं. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजी ही कंपनी पाहायला आले होते. महायुद्धाच्या काळात बाहेरून औषधं येणं आटलं, तेव्हा देशी कारखान्यांची गरज सगळ्यांना पटली. हमीद फाळणीच्या विरोधात होते. ते इथेच राहिले, इथल्या विधिमंडळात बसले आणि सीएसआयआरसारखी संस्था उभारण्यात त्यांचा वाटा राहिला. हा माणूस आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात नाही. आपल्या जलशांतल्या तकरिरींतही नाही, याची मला जास्त खंत आहे.

त्यांचे पुत्र युसुफ हमीद केंब्रिजहून डॉक्टरेट करून १९६० मध्ये परतले आणि सिप्लात रुजू झाले. पुढच्याच वर्षी देशी औषध उत्पादकांची संघटना उभी राहिली. मागणी एकच होती, कायदा बदला. शेवटी पेटंट कायदा १९७० मध्ये मंजूर झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट बंद झालं. फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळणार, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. दुसऱ्या पद्धतीने तोच रेणू बनवला तर तो गुन्हा राहिला नाही. त्याच १९७२ मध्ये ख्वाजा हमीद वारले.

डोसेटॅक्सेलचा संबंध इथे येतो. हा रेणू १९८० च्या दशकातला. तेव्हा भारतात रेणूवर पेटंट मिळतच नव्हतं. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तिच्या करारामुळे २००५ पासून भारताला रेणूवरचं पेटंट पुन्हा सुरू करावं लागलं. पण १९९५ च्या आधीचे रेणू त्यातून बाहेर राहिले. म्हणून अमेरिकेतल्या रुग्णाला २०११ पर्यंत एकाच कंपनीचं डोसेटॅक्सेल घ्यावं लागलं, आणि आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून अनेक कंपन्या ते बनवत होत्या. मामूंच्या हातावर टोचलेली ती बाटली चोरीची नव्हती, नकलीही नव्हती. या देशाने विचार करून, भांडून बनवलेल्या कायद्याची ती बाटली होती.

२००५ नंतरही लढाई संपली नाही. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या हैदराबादच्या कंपनीला मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं सोराफेनिब बनवायचा सक्तीचा परवाना दिला. बायर कंपनीचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता, नॅटकोची किंमत ठरली सुमारे ८,८०० रुपये. त्यानंतर दोनच महिन्यांत सिप्लाने आपलं सोराफेनिब ६,८४० रुपयांवर आणलं. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या एन्झालुटामाइड या गोळीचा पेटंट अर्ज तर २०१६ मध्ये भारतात फेटाळला गेला आणि तिच्या देशी गोळ्या बाजारात आल्या. एवढं वाचून कुणी या कंपन्यांना फरिश्ते समजू नये. त्या धंदाच करतात. मात्र धंद्यात दहा जण उतरले की भाव पडतो, हे आपल्या जालन्याच्या मोंढ्यात बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू. थोरल्या भावाच्या शंकेला मी त्या दिवशी मनातल्या मनात अडाणीपणा म्हटलं होतं. तो अडाणीपणा नव्हता. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीतला आणि तपासणीतला सडका कारभार उघडा केला. सरकारी रुग्णालयात सस्त्यातली दवा देतात आणि ती मारते, ही भीती महाराष्ट्राने अनुभवातून कमावलेली आहे. खुद्द डोसेटॅक्सेलबद्दलही २००८ मध्ये एक अभ्यास छापून आला. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतून ३१ पर्यायी डोसेटॅक्सेल गोळा करून तपासली, तर २१ मध्ये औषधाचं प्रमाण असायला हवं त्याच्या ९० टक्क्यांहूनही कमी निघालं. हा अभ्यास मूळ औषध बनवणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाला होता, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण तेवढ्यावरून तो कचऱ्यात टाकता येत नाही.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाचा एक फायदा असा की ते थेट रक्तात जातं. गोळीसारखं पोटातून किती शोषलं जाईल हा प्रश्न उरत नाही. बाटलीत योग्य तेवढं औषध आहे का, ते शुद्ध आहे का आणि ते नीट साठवलं होतं का, हेच बघावं लागतं. ही तपासणी घरचे करू शकत नाहीत, ती अन्न आणि औषध प्रशासनाने करायची असते. घरचे एवढं करू शकतात की खोक्यावरचं कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत वहीत उतरवून ठेवायची, आणि पक्कं बिल मागायचं. धाकट्याने ते केलं.

आणि महाग म्हणजे अस्सल, हा समजही टिकत नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. ती कर्करोगाच्या महागड्या, नामांकित औषधांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत बुरशीवरचं स्वस्त औषध भरून विकत होती. नकली माल बनवणारा त्याच बाटलीची नक्कल करतो जिच्यात नफा मोठा आहे. म्हणून वापरलेली बाटली रुग्णालयाने फोडून टाकली पाहिजे. आपण ती आठवण म्हणून किंवा हिशोबासाठी घरी नेऊ नये. खोकं नेलं तर चालेल.

बाटलीवरून आठवलं. तिसऱ्या केमोच्या दिवशी मामूंच्या नातवाने खोक्यातलं माहितीपत्रक वाचलं आणि त्यात इथेनॉल हा शब्द त्याला सापडला. इथेनॉल म्हणजे दारू, असं तो शाळेत शिकलेला. झालं! मामू हाजी, आयुष्यभर तंबाखूलाही न शिवलेले. त्यांनी हात मागे घेतला. सस्त्या दवेत दारू घालतात, अशी बातमी वॉर्डात अर्ध्या तासात पसरली.

खरी गोष्ट अशी की डोसेटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. ते विरघळवायला पॉलिसॉर्बेट नावाचं द्रव्य आणि अल्कोहोल लागतं. मूळ कंपनीच्या बाटलीतही ते होतंच. मामूंनी दोनदा घेतलं होतं, तेव्हा पत्रक कुणी वाचलं नव्हतं एवढंच. मोहल्ल्याच्या इमामसाहेबांना फोन लावला. त्यांनी एक मिनिटही घेतलं नाही. जिवावर बेतलं असेल, दुसरा इलाज नसेल आणि जाणकार डॉक्टर सांगत असतील, तर हरकत नाही. जरूरतीत मनाई उठते, हा फिकहचा जुना उसूल आहे. मामूंनी बिस्मिल्लाह म्हणून हात पुढे केला.

पण या अल्कोहोलला दीनी बाजूखेरीज वैद्यकीय बाजूही आहे आणि दवा बदलताना ती महत्त्वाची ठरते. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की डोसेटॅक्सेल घेतल्यावर काही रुग्णांना नशा चढल्यासारखं होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालात अल्कोहोल सारखं नव्हतं. २०० मिलिग्रॅमच्या डोसात कुठे २ ग्रॅम, तर कुठे ६.४ ग्रॅम. मामूंचा डोस साधारण १२० मिलिग्रॅम होता, म्हणजे सव्वा ते पावणेचार ग्रॅम. औषध तेच, पण सोबतचं द्रव्य वेगळं. ज्याचं यकृत कमजोर आहे, जो झोपेची किंवा वेदनेची गोळी घेतो, जो केमोनंतर स्वतः मोटारसायकल चालवत गावी जाणार आहे, त्याला हे सांगायला हवं. "फरक पडेगा क्या" या मुमानींच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे होतं. कर्करोगावरच्या असरात पडायला नको, पण कंपनी बदलली की सिस्टरला सांगून त्या दिवशी थोडं जास्त लक्ष ठेवावं. मी "नाही" म्हणून मोकळा झालो होतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. डॉक्टरने चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलं असेल तर दुकानदाराला मनाने दुसऱ्या कंपनीचं औषध देता येत नाही. औषध नियमांत तशी मनाई आहे. म्हणून स्वस्त हवं असेल तर मागणी दुकानात नाही, डॉक्टरसमोर करावी लागते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, मग जनऔषधी केंद्र असो की दुसरं दुकान, रस्ता खुला होतो. डॉक्टरांनी मूळ नावच लिहावं, असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि तीन आठवड्यांत गुंडाळून ठेवला गेला. विरोध करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं असं की मग कंपनी डॉक्टर नाही, दुकानदार निवडेल, आणि मालाच्या दर्जाची हमी कोण देणार? मला हे म्हणणं पूर्ण पटत नाही, पण जे. जे. विसरून ते उडवूनही लावता येत नाही.

छापील किमतीचं गौडबंगाल तर वेगळंच आहे. सरकार आवश्यक औषधांची कमाल किंमत ठरवतं, पण ती बनवण्याच्या खर्चावरून नाही. बाजारात ज्यांचा खप एक टक्का किंवा त्याहून अधिक आहे अशा मालांच्या दरांची सरासरी काढून त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात. म्हणजे बाजारच महाग असेल तर कमाल किंमतही महाग. तीच बाटली रुग्णालय घाऊक भावात कितीतरी कमी पैशांत विकत घेतं. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या कर्करोग केंद्रांनी एकत्र येऊन ४० औषधांचा भाव ठरवला, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. योजनेतल्या मामूंच्या बाटलीचं स्वस्त असणं हे असं होतं. ती कमअस्सल नव्हती. आधीची बाटली आम्ही एकटे, घाबरलेले, किरकोळ गिऱ्हाईक म्हणून घेतली होती.

मामूंचे उरलेले चार केमो त्याच देशी औषधावर झाले. पायांना मुंग्या आल्या, नखं काळी पडली, दाढीचे केस गेले. हे पहिल्या दोनांतही सुरूच होतं. पीएसए उतरला, पाठीचं दुखणं कमी झालं आणि पुढच्या पेरणीला ते बांधावर खुर्ची टाकून बसले. २०१९ च्या रमजानआधी त्यांचा इंतकाल झाला. दोन एकरांचा सौदा मोडला होता, तो मोडलेलाच राहिला. थोरला आजही म्हणतो की चारही केमो आधीच्याच कंपनीचे झाले असते तर अब्बा आणखी जगले असते. मी त्याच्याशी वाद घालत नाही. धाकट्याची वही मात्र अजून आहे. सहा केमोंच्या सहा तारखा, सहा बॅच नंबर, आणि पाचव्यासमोर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, "कंपनी पुन्हा बदलली, डॉक्टरांना विचारलं."